घरातील हवा आणि आरोग्य : सात रस्ता ते स्वयंपाकघर

सोलापूर शहराची हवा कितपत स्वच्छ आहे याचा हिशेब ज्या मोजक्या ठिकाणी ठेवला गेला, त्यांत सात रस्ता हे एक ठिकाण आहे. शासकीय विश्रामगृह, महापालिका परिवहनाचा डेपो आणि विजापूर रस्त्याकडे वळणारी वाहने यांमुळे हा चौक दिवसभर गजबजलेला असतो. राष्ट्रीय हवा गुणवत्ता सनियंत्रण कार्यक्रमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथे आणि वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या परिसरात वर्षानुवर्षे हवेचे नमुने घेतले. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी चोवीस तास, म्हणजे वर्षाला सुमारे १०४ नोंदी, अशी या कार्यक्रमाची पद्धत आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची (पीएम १०) वार्षिक सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, तर अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म कणांची (पीएम २.५) ४० मायक्रोग्रॅमपेक्षा. सलग काही वर्षे ही मर्यादा न पाळू शकलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, त्या यादीत सोलापूरचेही नाव आहे.

हे सारे मोजमाप रस्त्यावरचे. शहरातील माणूस मात्र दिवसाचा बहुतेक काळ छपराखाली घालवतो. लहान मुले, वृद्ध, आजारी माणसे आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया तर जवळजवळ सगळाच. घरातील हवेसाठी रस्त्यावरच्यासारखे बंधनकारक मानक आपल्याकडे नाही आणि ती मोजणारी सरकारी यंत्रणाही नाही. एक गोष्ट येथे स्पष्ट करावयास हवी. खिडक्या-दारे उघडी ठेवण्याची आपली रीत पाहता बाहेरचे सूक्ष्म कण काही तासांतच आत पोहोचतात. म्हणजे सात रस्त्याच्या केंद्रावरचा आकडा ही परिसरातील घरांची मूळ रक्कम. चूल, उदबत्ती, डासांची कॉइल, तंबाखूची धूळ यांचे व्याज त्यावर घरात चढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक सरासरीची शिफारस दर घनमीटरला केवळ ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या मानकाच्या आठव्या हिश्श्यावर. घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले असावेत, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

घरातला धूर ही आरोग्याची समस्या आहे, हे जगाला पटवून देणारे पहिले मोजमाप भारतातच झाले. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे बांधली. स्वयंपाकाच्या वेळी त्या श्वासातून घेत असलेल्या धूलिकणांचे प्रमाण दर घनमीटरला काही हजार मायक्रोग्रॅम निघाले. कारखान्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखविणाऱ्या पर्यावरणशास्त्राला या आकड्यांनी प्रथमच चुलीपुढे आणून बसविले. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, सीओपीडी अर्थात श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नाही. धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांचे प्रमाणही लक्षणीय असून त्यामागे घरातील जैवइंधनाचा धूर हे मोठे कारण आहे.

माळवदापासून स्लॅबपर्यंत

सोलापूर जिल्ह्यातील जुनी घरे माळवदाची. जाड भिंती, मातीचे सपाट छप्पर आणि स्वयंपाकघरावर त्या छपरातच ठेवलेले साणे. साण्यातून उजेड खाली येई आणि चुलीचा धूर वर जाई. त्या घरांत धूर नव्हता असे मुळीच नाही; काळवंडलेली तुळवट पाहिलेल्यांना ते सांगावयास नको. परंतु धुराला वरून वाट असावी, एवढे भान बांधणाऱ्याला होते. सिमेंटचा स्लॅब आला तसे साणे गेले. त्याजागी आलेल्या सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच बाजू उघडते, आणि रस्त्याकडेच्या घरांत धुळीच्या भीतीने तीही बंद असते.

चूल जाऊन गॅस आला हा मोठाच लाभ होय. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचविला; सिलिंडर पुन्हा भरून घेण्याची ऐपत हा मात्र वेगळा प्रश्न आहे. पण गॅस म्हणजे निर्धूर असा जो समज आहे, तो अर्धाच खरा. गॅसच्या ज्योतीतून कणांचा उपद्रव फार कमी होतो, मात्र नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतोच. हा वायू श्वासनलिकांचा दाह वाढवितो आणि दम्याच्या मुलांना त्याचा त्रास लवकर होतो. शिवाय तापलेल्या तेलाची वाफ, मिरचीचा ठसका, तव्यावर करपलेले पीठ यांचे कण इंधन कोणतेही असो, निघतातच. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आज दूरदूरच्या गावी जाते. ती कुठल्या मोठ्या कारखान्यात नव्हे, तर बहुतांशी घराघरांत आणि बचत गटांच्या छोट्या खोल्यांत तयार होते. भाकरी कडक होईपर्यंत मंद आचेवर शेकत राहावी लागते. घरच्या चार भाकऱ्यांपुरते तव्यासमोर उभे राहणे निराळे आणि रोज कित्येक तास तापलेल्या तव्यावर ओणवे राहणे निराळे. अशा ठिकाणी धूर खेचणारा पंखा ओट्याच्या थेट वर किंवा जवळच्या भिंतीत उंचावर हवा, आणि त्याच्या समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्यास वाट हवी. आत येणारी वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. पंखा परवडत नसल्यास ओटा खिडकीखाली घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पाणी, डास आणि कॉइल

सोलापूरच्या घरांतील हवेचा एक धागा उजनी धरणापर्यंत जातो, असे म्हटले तर अनेकांना ती अतिशयोक्ती वाटेल. पण हिशेब सरळ आहे. शहराला अनेक वर्षे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले. साहजिकच घरोघरी पिंप, हौद, टाक्या, कळशा भरून ठेवण्याची सवय जडली. साठविलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाचे आवडते ठिकाण. उन्हाळी हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. तुंबलेल्या गटारांतून येणारे क्युलेक्स डास वेगळेच. यावर घरातला उपाय म्हणजे कॉइल, तीही बहुधा दार-खिडकी लावून, अंथरुणाशेजारी.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील कॉइलांचा धूर तपासण्यात आला. एक कॉइल पूर्ण जळाल्यावर निघणाऱ्या पीएम २.५ कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले. कॉइलमध्ये कीटकनाशकाचा अंश अल्प असतो. उरलेला भाग म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची भुकटी आणि डिंक, तो सात-आठ तास धुमसत राहतो. विनोद असा की, एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो. रात्रभर धूर सोसूनही डेंग्यूपासून संरक्षण मिळते असे नाही. द्रवरूप औषधाच्या विजेवरील यंत्रात धूर होत नाही, पण कीटकनाशक हवेत येतेच. लहान मूल असलेल्या घरात मच्छरदाणीला आजही पर्याय नाही. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करण्याचा आरोग्य खात्याचा सल्ला अनेकांना कंटाळवाणा वाटतो. तो पाळला तर कॉइलची गरजच बरीचशी कमी होते. टाकीच्या कडांना चिकटलेली अंडी घासल्याशिवाय जात नाहीत, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

उदबत्ती, धूप आणि कापूर यांबाबत लिहिताना वाचकांच्या भावनांचा मान राखावयास हवा. देवापुढे एखादी उदबत्ती काही मिनिटे लावणे आणि बंद खोलीत दिवसभर धूप धुमसत ठेवणे यांत फरक आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर निरांजनावर भागवावे. वातही जळते, पण धुमसत नाही.

घर हाच कारखाना

शहराच्या पूर्व भागात घर आणि कामाची जागा यांत भिंत नसते. येथील हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू आणावयाचा, पाने भिजवावयाची, कापावयाची, सुपात तंबाखू घेऊन विडी वळावयाची, दोऱ्याने बांधावयाची आणि तयार माल पोहोचवावयाचा. हे सारे त्याच खोलीत चालते, जेथे स्वयंपाक होतो, मुले अभ्यास करतात आणि रात्री सगळे झोपतात. तंबाखूची बारीक भुकटी हवेत उडते, अंथरुणावर बसते, हातावरून जेवणात जाते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० व १९९० च्या दशकांत विडी-तंबाखूच्या कामगारांची तपासणी केली. त्यांत स्वतः तंबाखू न ओढणाऱ्यांच्याही लघवीत निकोटिनपासून बनणारे घटक वाढलेले आढळले. शहराच्या हवेच्या कोणत्याही आकड्यात हा भार धरलेला नाही.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, हे त्याचे मोठेपण. मात्र कारखान्यातील हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी मालकावर असते, तशी घरातली कोणावर, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. निवाऱ्याच्या बाबतीत सोलापूरने देशाला उदाहरण घालून दिले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचे सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते हस्तांतरण झाले. त्याच परिसरातील तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी असंघटित कामगारांच्या स्वाधीन केली. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात जाणे म्हणजे काय, हे त्या स्त्रियाच जाणोत. पण ज्या घरात विडी वळली जाणार हे आधीच ठाऊक आहे, त्या घराचा आराखडा काढताना कामासाठी झरोक्याचा एक कोपरा राखणे ही फार खर्चाची बाब ठरली नसती. घरकुलांच्या पुढील योजनांत याचा विचार अवश्य व्हावा.

तोपर्यंत काय करता येईल? काम शक्यतो व्हरांड्यात किंवा उंबऱ्याशी, वाऱ्याची दिशा पाहून करावे. तंबाखूचे पोते झाकून, झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. खोली कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी. तान्ह्या मुलाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुऊन वरचे पातळ बदलावे.

यंत्रमागाची गोष्ट थोडी वेगळी. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून हे शहर कापसाच्या तंतूंत श्वास घेत आले आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता बरे वाटते; पुढे ते आवळणे रोजचे होते. पिंजण आणि सूतकताईत हा धोका अधिक, विणकामात तुलनेने कमी. पण चादरी आणि टॉवेलांचे माग जेथे राहत्या घराला लागून चालतात, तेथे सुटी अशी मिळतच नाही. कामगार घरी गेला तरी धूळ त्याच्याबरोबरच असते.

न दिसणारे वायू

आतापर्यंत वर्णिलेले दुष्परिणाम सावकाश होणारे आहेत. काही मात्र मिनिटांत जीव घेतात. थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वाचकांना नव्या नाहीत. बळी जाणाऱ्यांत नवविवाहित आणि तरुण मुले-मुली अधिक, हे अधिकच क्लेशदायक. एक साधे गणित मांडून पाहावे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. चार फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. झरोका बंद असेल तर पंधरा मिनिटांत त्यातील निम्मी हवा ज्योतीच्या वाट्याला जाते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्यापूर्वीच माणूस कोसळतो.

गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवावा आणि नळीने फक्त गरम पाणी आत न्यावे. ते शक्यच नसेल तर आधी दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीस जावे. बेशुद्ध व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गिझरची माहिती सांगावी. बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर या विषबाधेत नेहमीचाच आकडा दाखवितो, कारण मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते. करोनाकाळात घरोघरी आलेल्या या यंत्रावर येथे विसंबू नये. कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून झोपणे हाही याच वायूला दिलेला आवतण आहे.

दुसरा वायू धान्यातून येतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी वर्षभरासाठी भरून ठेवणारी कुटुंबे सोलापुरात आजही पुष्कळ आहेत. पूर्वी धान्य पेवात असे. पेव उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत होती, कारण आतली हवा मारक असते हे शेतकरी जाणून होता. आज पोत्यांत कीड लागू नये म्हणून काही जण सेल्फॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली मुले दगावल्याच्या घटना वेळोवेळी घडल्या आहेत. ही गोळी राहत्या घरासाठी नाहीच; तिचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. धान्यास कडक ऊन देऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरणे सर्वांत बरे. ढेकणांसाठी तर ही गोळी कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नये.

ट्रंकेतील चादरींत ठेवण्याच्या डांबरगोळ्यांबद्दलही दोन शब्द. त्यांतील नॅफ्थलिनमुळे काही नवजात बालकांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांना हा धोका असतो आणि ती कमतरता बाहेरून दिसत नाही. बाळंतिणीसाठी ट्रंकेतून काढलेले जुने कपडे आधी धुऊन, दोन दिवस उन्हात टाकूनच वापरावेत.

कूलर, झाडे आणि यंत्रे

मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या कोरड्या शहरात कूलर उत्तम चालतो. तो खिडकीत बसवावा, खोलीच्या मध्यभागी नव्हे. आणि समोरचे दार किलकिले असावे. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवितो, आणि एरवी कोरड्या हवेमुळे सोलापूरकरांना फारसे न छळणारे धुळीतील सूक्ष्म किडे व बुरशी त्यात फोफावतात. टाकीतील पाणी दर आठवड्यास बदलावे, गवताची जाळी दर उन्हाळ्यात नवी घ्यावी.

कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात, हा समज अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगावरून रूढ झाला. तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा घेणाऱ्या संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा उघड्या खिडकीइतका परिणाम साधण्यास प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर दहा ते हजार झाडे लागतील असे निघाले. झाडे अवश्य लावावीत. खिडकीची कामे त्यांना सांगू नयेत. हवा शुद्ध करणाऱ्या विजेच्या यंत्रांतील चांगली गाळणी सूक्ष्म कण अडविते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

सात रस्ता, विजापूर रस्ता यांसारख्या वर्दळीच्या भागात राहणाऱ्यांनी खिडकी केव्हा उघडावी? सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी रस्त्याकडची बाजू बंद आणि मागची उघडी ठेवावी. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत साचून धूर खालीच राहतो. तेव्हा दुपारी घर मोकळे करावे. उन्हाळ्यात उलट, रात्री वाहने कमी झाल्यावर.

दोन आठवडे किंवा अधिक टिकणारा खोकला, जिना चढताना लागणारी नवी धाप किंवा मुलाला रात्री वारंवार येणारी ढास यांकडे दुर्लक्ष करू नये. क्षयाची तपासणी तर व्हावीच. शिवाय फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची सोपी चाचणीही करून घ्यावी. डॉक्टर बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘विडी-सिगारेट ओढता का?’ विडी वळणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि तो विषय तेथेच संपतो. म्हणून न विचारताच सांगावे : घरात कोणते काम चालते, किती तास चालते, चूल आहे की गॅस, रात्री कॉइल लागते का, आणि झोपण्याच्या खोलीला खिडकी आहे का.